पिक्सार संपलं का? (आणि रविवार सकाळचा अकरा माणसांचा शो)

तलावपाळीकर
२९ जून २०२५, दुपारी ३:१२

आज सकाळी लेकीला घेऊन 'एलिओ' बघून आलो, पिक्सार या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओचा नवा सिनेमा. माजिवड्याजवळच्या मॉलमध्ये, साडेदहाचा शो. सिनेमा लागून दहा दिवस झालेत, रविवार आहे, बाहेर धो धो पाऊस आहे. ठाणेकर मॉलमध्ये जातो ती सगळी कारणं हजर होती. थिएटरात मात्र आम्ही दोघं धरून अकरा जण. मोजले, कारण जाहिराती चालू असताना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यातले दोघे तर निव्वळ एसीत झोपायला आले असावेत.

सिनेमा टुकार असता तर मी धागा काढलाच नसता, पैसे गेले म्हणून गप्प बसलो असतो. आईवडील गेलेलं एकटं पोर, परग्रहावरच्यांनी आपल्याला उचलून न्यावं म्हणून समुद्रकिनाऱ्यावर वाळूत निरोप लिहून ठेवतं. कल्पना गोड आहे. लेक (वय ९) पूर्ण वेळ खुर्चीच्या टोकावर बसून होती. मी मात्र मध्यंतरानंतर दोनदा घड्याळ बघितलं. आणि पिक्सारच्या सिनेमात घड्याळ बघणारा माणूस मी नव्हे हो! 'अप'ची पहिली दहा मिनिटं बघून अंधारात चष्मा पुसत बसलेला माणूस मी.

घरी येऊन आकडे बघितले. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साधारण २ कोटी १० लाख डॉलर. १९९५च्या 'टॉय स्टोरी'पासून पिक्सारच्या एकाही सिनेमाची सुरुवात इतकी थंड झाली नव्हती. आणि याच लोकांनी बरोबर एक वर्षापूर्वी 'इनसाइड आउट २' काढून १६९ कोटी डॉलरच्या आसपास गोळा केले होते.

समीक्षकांनी झोडपलं म्हणावं, तर तेही नाही. परीक्षणांची टक्केवारी काढणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर ऐंशीच्या वर टक्के आहेत. बघून आलेले लोकही चांगलंच बोलतायत. मग गाडी अडली कुठे? पिक्सार संपलं, की आपण म्हातारे झालो?

(लेकीने घरी आल्या आल्या स्वयंपाकघरातली पिठाची चाळण पळवली आहे. सिनेमा बघितलेल्यांना कळेल.)

---

नौपाड्याचा_नन्ना
२९ जून २०२५, दुपारी ३:४०

पिक्सार २०१० सालीच संपलं. 'टॉय स्टोरी ३' हा शेवटचा घास. पुढच्याच वर्षी 'कार्स २' आला, चाळीस टक्क्यांच्या आसपास रेटिंग, समीक्षकांनी पहिल्यांदा पिक्सारला नापास केलं. त्यानंतर मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी, फाइंडिंग डोरी, कार्स ३, इन्क्रेडिबल्स २, टॉय स्टोरी ४, लाइटइयर. आता टॉय स्टोरी ५, इन्क्रेडिबल्स ३, कोको २ जाहीर झालेत. कालच्या भाताला रोज नवी फोडणी. फोडणी चांगली देतात, मान्य. भात कालचाच.

---

कोपरखैरण्याची_कमळी
२९ जून २०२५, संध्याकाळी ५:०५

नन्ना, पहिला 'इनसाइड आउट' २०१५चा आणि 'कोको' २०१७चा. तुम्ही मध्ये दोनदा झोपला होतात.

तलावपाळीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पर्समध्ये आहे. आम्ही चौघं. वाशीला मॉलमध्ये जायचं तर तिकिटं, दोन पॉपकॉर्न, एक थंड पेय, आणि बाहेर पडताना 'आई, फक्त बघू' म्हणत खेळण्यांच्या दुकानात. दोन हजाराच्या दोन नोटा असत्या तर दोन्ही मोडल्या असत्या. तोच सिनेमा काही आठवड्यांनी घरच्या टीव्हीवर येणार, मध्येच थांबवून कुकर बंद करता येणार. मग मी थिएटरात का जाऊ?

ही सवय आम्हाला लावली कोणी? त्यांनीच! 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' ओळीने तीन सिनेमे सरळ घरी पाठवले. पहिले दोन करोनात, ठीक आहे. पण 'टर्निंग रेड' मार्च २०२२ला आला, तेव्हा थिएटरं उघडलेली होती की. पिक्सार म्हणजे घरी बघायची गोष्ट, हे माझ्या पोरांच्या डोक्यात त्यांनीच बसवलं. त्याच जूनमध्ये 'लाइटइयर' थिएटरात आणून 'या बघायला' म्हणाले. फुकट वाटलेल्या वडापावाला दुसऱ्या दिवशी पैसे मागितले तर कोण देईल?

रच्याकने (बाय द वे), 'एलिओ' ज्या दिवशी लागला त्याच २० जूनला नेटफ्लिक्सवर 'केपॉप डीमन हंटर्स' आला. माझी धाकटी तेव्हापासून घरात कोरियन गाणी म्हणत फिरतेय. पिक्सार तिला आठवतही नाही.

---

तलावपाळीकर
२९ जून २०२५, संध्याकाळी ५:३१

कमळीताई, वडापावाचा दाखला कडक. +१.

---

रेंडर_राणे
३० जून २०२५, पहाटे ४:२०

शिफ्ट सुटायला वेळ आहे आणि मशीनवर फ्रेम शिजतायत (रेंडर होतायत, म्हणजे संगणक एकेक अंतिम चित्र तयार करतोय), म्हणून लिहितो. ऐरोलीला एका ॲनिमेशन स्टुडिओत लायटिंग करतो. नाव विचारू नका, एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केलीय.

सगळे म्हणतायत 'स्टोरी कमी पडली'. मला हसू येतं, कारण स्टोरीवर पिक्सारइतका वेळ कोणी घालवत नाही. त्यांची पद्धत अशी: आधी अख्खा सिनेमा चित्रांच्या चौकटींत काढायचा, ऑफिसातल्याच लोकांचे तात्पुरते आवाज लावायचे, रील बनवायचं. मग सगळे दिग्दर्शक-लेखक एका खोलीत बसून ते बघणार आणि चिंध्या करणार. त्या कंपूला ते 'ब्रेनट्रस्ट' म्हणतात. मग परत नवं रील. हे सहा-सात-आठ वेळा. कागदावर आहे तोवर फाडणं स्वस्त. पण पात्र तयार झालं, त्याचे कपडे-केस बसले, शॉटवर ॲनिमेशन झालं, लायटिंग झालं, आणि मग कोणी म्हणालं की नायकाचा स्वभावच बदलू या, तर? नव्वद मिनिटांच्या सिनेमात सेकंदाला २४ या हिशेबाने १,२९,६०० फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेमला आमच्यासारखा कोणीतरी हात लावलेला असतो.

पिक्सारचं देवत्व याच फाडण्यातून आलंय. 'टॉय स्टोरी २' मूळ थेट व्हिडिओ कॅसेटसाठी होता. मोठ्या पडद्यासाठी करायचं ठरलं, मग जमला नाही म्हणून जवळजवळ सगळा नव्याने केला, साधारण नऊ महिन्यांत. सिनेमा अफाट झाला आणि कित्येकांचे मनगट-खांदे दुखावले. त्याच सिनेमाच्या वेळी कोणीतरी चुकीची कमांड मारून सर्व्हरवरचा बहुतेक सिनेमा उडवला होता, बॅकअपही धड नव्हता. वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या मशीनवर एक कॉपी होती. ते मशीन ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणलं. आमच्या धंद्यात ही गोष्ट सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात.

त्याच सुसमनबाई पुढे 'लाइटइयर'च्या निर्मात्या झाल्या. २०२३ साली पिक्सारने ७५ माणसं काढली त्यात त्या होत्या. कथेचा हा अध्याय सहसा कोणी वाचत नाही.

आता 'एलिओ'. मार्च २०२४ला यायचा होता, आला जून २०२५ला. मध्ये दिग्दर्शक बदलले: एड्रियन मोलिना गेला, मॅडलिन शराफियन आणि डोमी शी आल्या. २०१५च्या 'द गुड डायनासोर'लाही हेच झालं होतं, दिग्दर्शक बदलला, पात्रांचे आवाजसुद्धा बदलले, आणि तो पिक्सारचा पहिला पडेल सिनेमा ठरला. तलावपाळीकर, तुम्ही मध्यंतरानंतर घड्याळ बघितलंत ना? मला तिथे दोन वेगळे सिनेमे शिवून जोडल्याची शिवण दिसली. शिवणकाम उत्तम आहे, पण शिवण आहे.

फ्रेम शिजली. जातो.

---

कळव्याचा_कोळी
३० जून २०२५, सकाळी ८:१५

राणे, नमस्कार घ्या. ८:०३च्या लोकलमध्ये उभ्याने वाचला प्रतिसाद, ठाण्याला उतरायचं विसरलो.

---

नौपाड्याचा_नन्ना
३० जून २०२५, सकाळी ९:३०

राणे, माहितीपूर्ण. पण शेवटी तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. पूर्वी फाडून जोडलं तरी 'टॉय स्टोरी २' व्हायचा. आता 'एलिओ' होतो. म्हणजे फाडणारे हात बदलले. 'टॉय स्टोरी'चा दिग्दर्शक लॅसेटर २०१८ला गैरवर्तनाच्या तक्रारींनंतर गेला, संस्थापकांपैकी कॅटमल निवृत्त झाला, कथा रचणारा जो रॅन्फ्ट तर २००५लाच अपघातात गेला. खोली तीच, माणसं वेगळी.

---

रेंडर_राणे
३० जून २०२५, रात्री ११:५०

नन्ना, पीट डॉक्टर आजही तिथेच आहे, २०१८पासून तोच प्रमुख. 'अप' त्याचा, 'इनसाइड आउट' त्याचा. तुम्ही ज्या २०१०पर्यंतच्या पिक्सारचे गोडवे गाता त्यातला निम्मा माणूस अजून खुर्चीत आहे. 'टॉय स्टोरी ५' अँड्र्यू स्टँटन करतोय, 'निमो' आणि 'वॉल-ई'वाला. म्हणजे हातही पूर्ण बदललेले नाहीत.

बदललंय ते गणित. पहिल्या 'टॉय स्टोरी'ला ३ कोटी डॉलर लागले, ११७ मशीनवर रेंडर झाला. 'लाइटइयर', 'एलिमेंटल' प्रत्येकी २० कोटी. तिकिटातला साधारण निम्मा पैसा थिएटरवाले ठेवतात. म्हणजे २० कोटी वसूल व्हायला ४० कोटींची विक्री हवी, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. 'लाइटइयर'ची झाली सुमारे २२ कोटी. एवढा पैसा अडकला की साहेब लोक घाबरतात, घाबरले की बदल सुचवणाऱ्या नोट्स पाठवतात, नोट्स आल्या की आम्ही परत रेंडर लावतो, आणि खर्च वाढतो. वाढला की आणखी घाबरतात. क्लायंट अमेरिकेचा असो की अंधेरीचा, हे चक्र मी रोज बघतो. आमच्याकडे एका फाइलचं नाव 'फायनल_आता_खरंच_फायनल_१४' आहे.

---

सानपाड्याचा_सत्यवादी
१ जुलै २०२५, दुपारी १:०२

खरं कारण कोणीच लिहीत नाहीये. हे सगळे स्टुडिओ मुलांच्या डोक्यात अजेंडा भरतात म्हणून लोकांनी पाठ फिरवली. गो वोक

*[उर्वरित मजकूर आणि त्यावरचे १७ प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे, तिकडे मनसोक्त भांडा. — संपादक मंडळ]*

---

कोपरखैरण्याची_कमळी
१ जुलै २०२५, दुपारी ४:४४

सतरा?! मी फक्त भाजी आणायला गेले होते.

---

कळव्याचा_कोळी
१ जुलै २०२५, रात्री १०:२०

समीक्षकांबद्दल थोडं बोलतो, धाग्याचा अर्धा विषय तो आहे.

'एलिमेंटल' आठवतो का? जून २०२३. पहिल्या तीन दिवसांत ३ कोटी डॉलरसुद्धा नाहीत. सगळीकडे एकच सूर: घिसीपिटी प्रेमकहाणी, आग आणि पाणी, पुढे काय होणार ते पोस्टरवरच कळतं. मीही तेच वाचून गेलो नाही. तीन महिन्यांनी घरी लावला, जेवता जेवता बघू म्हणून.

त्या सिनेमात बाप गाव सोडून शहरात येतो, दुकान टाकतो. मुलीने एक दिवस ते चालवायचं हे तिच्या जन्मापासून ठरलेलं. मुलीलाही वाटतं की आपल्याला तेच हवंय. फक्त गिऱ्हाईक किचकिच करायला लागलं की तिचा स्फोट होतो आणि का होतो ते तिलाच कळत नाही.

आमचं कळव्याला किराणा दुकान होतं. वडिलांनी मुरूडहून येऊन टाकलेलं, पत्र्याचं, मग पक्कं. मी बारावीपासून गल्ल्यावर. इंजिनिअरिंगला नंबर लागला तो कागद मी आठ दिवस तांदळाच्या पिंपामागे लपवून ठेवला होता. सांगितल्यावर वडील एवढंच म्हणाले, "मग शटर कोण उघडणार?" रागाने नाही, खरंच विचारत होते. दुकान पुढे २०१६ला बंद केलं. सिनेमात मुलगी बापाला सांगते की मला दुकान नको होतं, तेव्हा माझ्या ताटातली आमटी गार झाली. बायकोने विचारलं तिखट लागलं का, मी हो म्हणालो.

दिग्दर्शक पीटर सोनच्या आईवडिलांचंही न्यूयॉर्कमध्ये दुकान होतं, ते कोरियाहून आलेले. हे मला नंतर कळलं. कोरियात या सिनेमाला सत्तर लाखांवर माणसं गेली. जगभरात हळूहळू करत जवळजवळ ५० कोटी डॉलर झाले. पहिल्या सोमवारी ज्याची तिरडी बांधली होती तो उठून चालायला लागला.

त्यामुळे 'एलिओ'ला दहाव्या दिवशी मेलेला म्हणायची माझी तयारी नाही. समीक्षक चूक होते असंही म्हणत नाही, त्यांच्या वडिलांचं दुकान नसेल, एवढंच. आणि 'सुपर मारिओ'ला समीक्षकांनी साठ टक्केसुद्धा दिले नव्हते, त्याने १३० कोटी डॉलरच्या वर कमावले. आपल्या पोरांनी रॉटन टोमॅटोज उघडल्याचं कोणी बघितलंय का?

---

तलावपाळीकर
१ जुलै २०२५, रात्री १०:५८

कोळी, आज दुसरं काही वाचणार नाही.

---

नौपाड्याचा_नन्ना
१ जुलै २०२५, रात्री ११:१०

'एलिमेंटल' मी पाहिलेला नाही. बघतो.

---

नेरूळचे_आजोबा
२ जुलै २०२५, सकाळी ६:०५

मुलांनो, वयाचा फायदा घेऊन दोन शब्द.

स्टुडिओ संपला ही हाकाटी मी तिसऱ्यांदा ऐकतो आहे. १९८५ साली डिस्नेचा 'द ब्लॅक कॉल्ड्रन' सपशेल आपटला. साधारण साडेचार कोटी डॉलर खर्च केले, त्याच्या निम्मेही परत आले नाहीत. ॲनिमेशन विभागाला त्यांच्या मूळच्या वास्तूतून काढून ग्लेंडेलच्या गोदामवजा इमारतींत पाठवले. लोक म्हणाले, कार्टूनचा जमाना गेला. १९८९ला त्याच मंडळींनी 'द लिटल मरमेड' केला. पुढे २००२चा 'ट्रेझर प्लॅनेट', २००४चा 'होम ऑन द रेंज', पुन्हा रडारड. २००६ला डिस्नेने ७४० कोटी डॉलरला पिक्सार घेतले आणि पिक्सारच्याच माणसांना आपल्या विभागावर बसवले, मग 'टँगल्ड', 'फ्रोझन' वगैरे. एकेकाळचा वैद्य आज रुग्ण आहे, इतकेच.

आता अवांतर. आपण परदेशी स्टुडिओचे बारसे-बारावे करत बसतो, पण दादासाहेब फाळक्यांनी मूकपटाच्या काळात 'आगकाड्यांची मौज' करून काड्या नाचवल्या होत्या. दूरदर्शनवरची 'एक अनेक और एकता' तर तुमच्या पिढीला पाठ असेल, १९७४ची, दिग्दर्शिका विजया मुळे, चित्रे हलवली ती भीमसैन यांनी (गाणारे नव्हेत). सात मिनिटांची चित्रफीत, पन्नास वर्षे टिकली. तिला कोणी रेटिंग दिले होते?

पिक्सारमध्ये संजय पटेल म्हणून एक होते. वडील रोज पूजेला बसायचे आणि हे टीव्हीसमोर. त्यावरच त्यांनी 'संजय्ज सुपर टीम' हा लघुपट केला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तो दाखवला कशाच्या आधी, तर त्याच पडलेल्या 'गुड डायनासोर'च्या. नातवाला मूळ सिनेमा आठवत नाही, त्याआधीचा हनुमान आठवतो.

---

खारघरची_खारूताई
२ जुलै २०२५, दुपारी १२:१७

नमस्कार, बरेच महिने वाचनमात्र होते. मी ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही सगळे सिनेमा चांगला की वाईट बोलताय, मला वेगळीच भीती वाटते. पिक्सारने गेल्या वर्षी मे महिन्यात १४ टक्के माणसं काढली, १७५च्या आसपास. आणि पुढच्याच महिन्यात 'इनसाइड आउट २' आला! म्हणजे त्या वर्षीचा जगातला सगळ्यात चाललेला ॲनिमेशनपट तुम्ही बनवला तरी नोकरी जाते. फेब्रुवारीत टेक्निकलर ही व्हीएफएक्सची (संगणकावरच्या दृश्यपरिणामांची) कंपनी बंद पडली, बंगळूर-मुंबईचे मिळून तीन हजारांच्या आसपास लोक घरी बसले. आमच्या सीनिअरपैकी दोघं होते. बाबा म्हणतात अजून वेळ आहे, बँकेची परीक्षा दे.

राणेदादा, खरं सांगा. राहू की जाऊ?

---

रेंडर_राणे
३ जुलै २०२५, पहाटे ३:३५

खारूताई, गोड बोलणार नाही.

२०१३च्या फेब्रुवारीत 'लाइफ ऑफ पाय'ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं, आणि तो वाघ बनवणाऱ्या रिदम अँड ह्यूजने काहीच दिवस आधी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मी तेव्हा तुझ्या वयाचा होतो, माझ्याही बाबांनी पेपर पुढे सरकवला होता. बारा वर्षं झाली, अजून इथेच आहे. मध्ये दोनदा घरी बसलो, एकदा सात महिने. तेव्हा लग्नाच्या अल्बमचं डिझाइन केलं, घोडबंदरच्या बिल्डरांची इमारती उगवणारी वॉकथ्रू केली. सांगायला लाज वाटायची. आता वाटत नाही. त्या वॉकथ्रूमध्ये दुपारचं ऊन कसं पडतं ते शिकलो.

पिक्सारने माणसं काढली त्याचं कारण तू म्हणतेस त्याहून साधं होतं. डिस्ने प्लससाठी मालिका बनवायला भरती केली, मग साहेबांनी ठरवलं मालिका नकोत, फक्त सिनेमे. 'ड्रीम प्रॉडक्शन्स' आणि 'विन ऑर लूज' तेवढ्या बाहेर पडल्या. सिनेमा चालण्या-न चालण्याशी त्या १७५ जणांचा संबंधच नव्हता.

उलट बाजू पण बघ. या मार्चमध्ये 'इनसाइड आउट २'ला हरवून ऑस्कर कोणी नेलं? 'फ्लो'. लाटव्हियातला पोरगा, गिंट्स झिल्बालोडिस. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये केलाय, जे तुझ्या लॅपटॉपवर फुकट चालतं. बजेट पस्तीस लाख युरो. संवाद एकही नाही, एक मांजर आणि पूर. पिक्सारला तर 'सोल'नंतर ते ऑस्कर मिळालेलंच नाही. ड्रीमवर्क्सचा 'वाइल्ड रोबोट' पिक्सारच्या निम्म्याहून कमी पैशांत झाला आणि सुंदर झाला. 'स्पायडर-व्हर्स' आल्यापासून सगळ्यांना कळलंय की केस खरे दिसले पाहिजेत हा हट्ट सोडला तरी लोक बघतात. पिक्सारचं अख्खं वैभव त्या हट्टावर उभं होतं, 'मॉन्स्टर्स इंक'मधल्या सलीच्या अंगावर तेवीस लाख केस वगैरे. आता केस कोणीही उगवतं. त्यांच्या २०२७च्या 'गॅटो'ची पहिली चित्रं बघ, व्हेनिसमधलं काळं मांजर, हाताने रंगवल्यासारखं. त्यांनाही कळलंय.

बँकेची परीक्षा दे. देऊन ठेव. आणि तुझ्या कामाच्या नमुन्यांचं रील मला पाठव, तीस सेकंदांच्या वर नको, पहिला शॉट सगळ्यात चांगला ठेव. फिरणारा लोगो नको.

---

कोपरखैरण्याची_कमळी
३ जुलै २०२५, सकाळी ७:५०

राणे, तुम्ही झोपता कधी?

---

नौपाड्याचा_नन्ना
६ जुलै २०२५, रात्री ९:४०

'एलिमेंटल' पाहिला. प्रेमकहाणी घिसीपिटीच आहे, समीक्षक बरोबर होते. शेवटी बाप वाकून नमस्कार परत करतो, तिथे थोडा वेळ थांबवून पाणी प्यायलो.

सीक्वेलबद्दलचं मत कायम.

---

तलावपाळीकर
२४ ऑगस्ट २०२५, सकाळी ११:२५

धागा वर काढतोय. 'एलिओ'चा हिशेब जवळजवळ मिटला. जगभरात १५ कोटी डॉलरच्या आसपास, आणि खर्चही तेवढाच किंवा जास्त. कोळी, या वेळी तिरडीवरचा उठला नाही.

दरम्यान त्याच मॉलमध्ये, त्याच स्क्रीनवर काल 'महावतार नरसिंह' बघितला. हाउसफुल्ल. लोक चपला काढून बसलेले, शेवटी टाळ्या, एका काकूंनी हात जोडले. देशात दोनशे कोटी ओलांडले म्हणे. पिक्सारच्या शेजारी ठेवलं तर ॲनिमेशन कच्चं आहे, चालताना पाय जमिनीवर टेकत नाहीत असं वाटतं. लेकीने लगेच ओळखलं. पण सासूबाईंना पाय दिसलेच नाहीत, त्यांना खांब फुटताना दिसला. मला वाटायचं आपल्याकडे मोठी माणसं कार्टून बघायला येत नाहीत.

राणे, तुमचं मत?

---

रेंडर_राणे
२४ ऑगस्ट २०२५, दुपारी २:१०

पाय टेकत नाहीत हे खरंय. टेकवायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसे. पण हा सिनेमा चालल्यापासून तीन ठिकाणांहून फोन आलेत, तिन्हीकडे देवच आहेत. दोन वर्षांनी देवांचे भाग दोन-तीन येतील आणि नन्ना तेव्हाही कालच्या भाताबद्दल लिहीत असतील. तोवर लोकांना पगार मिळेल.

खारूताईचं रील पाहिलं. एक म्हातारा कोळी जाळं झटकतो तो शॉट चांगला आहे. आमच्या सुपरवायझरला दाखवलाय, पुढचं गणपतीनंतर.

---

खारघरची_खारूताई
२४ ऑगस्ट २०२५, दुपारी २:१४

!!!!!

(आणि बँकेची पूर्वपरीक्षा पण दिलीये.)

---

नेरूळचे_आजोबा
२४ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ६:३०

खारूताई, आमचे दोन्हीकडून आशीर्वाद. एक भाबडा प्रश्न: नातू विचारतो की 'टॉय स्टोरी ५'मध्ये खेळणी टॅबलेटशी भांडणार आहेत हे खरे का? खरे असल्यास मी पहिल्या दिवशी जाणार. मी कोणाच्या बाजूने आहे हे सांगायला नको.

---

तलावपाळीकर
२४ ऑगस्ट २०२५, रात्री ८:४५

खरं आहे आजोबा, पुढच्या जूनमध्ये. ठाण्यात बघणार असाल तर सांगा, सीट धरून ठेवतो. धरायची गरज पडेल असं वाटतंय.

बाकी आमच्याकडची ताजी खबर. आज सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी फोटो टाकलाय. बी विंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, कोणीतरी ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिलंय: 'एलियन्स, मी इथे आहे. शाळा सुटल्यावर या.' खाली आमचा फ्लॅट नंबर. डबा मखर रंगवायला आणलेल्या सोनेरी रंगाचा आहे हे मी ओळखलं, सेक्रेटरींनी अजून ओळखलेलं नाही. ऑइलपेंट कोब्यावरून कसा काढतात कोणाला माहीत आहे का? आणि चाळण अजून सापडलेली नाही, बुधवारी उकडीचे मोदक आहेत.